मनाचे दुखणे आणि मायबोलीचा कान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील आमच्या गावाहून नात्यातील एका काकूंना घेऊन मी शहरातील एका दवाखान्यात गेलो होतो. वय पन्नाशीच्या पुढे. आयुष्यभर शेतात राबलेली बाई. गेले चार महिने तिचे कशातच लक्ष नव्हते. चुलीवर दूध ठेवावे आणि ते उतू गेले तरी समोर बसून राहावे, अशी अवस्था. दोन ठिकाणची औषधे झाली होती. तिसऱ्या ठिकाणी तरुण डॉक्टर भेटले. सुस्वभावी, अभ्यासू. शिक्षण सगळे मोठ्या शहरात आणि इंग्रजी माध्यमात झालेले. त्यांनी विचारले, "काय होतंय तुम्हाला?" काकू म्हणाल्या, "मले काई सुदरून नाई राह्यलं, डाक्टरसायेब."

डॉक्टरांनी मान हलवली, आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहिली आणि सुधारणा नाही, असे समजून मात्रा वाढवून दिली. आम्ही उठलो. दाराशी उभी असलेली, खोली झाडणारी मावशी मात्र तेवढ्यात पुढे झाली. ती जवळच्याच खेड्यातली असावी. दबक्या आवाजात ती म्हणाली, "सायेब, ते सुदारनेचं नाई म्हनत जी. तिले सुदरत नाई. म्हंजे काय करावं, काय नाई, तेच समजत नाई."

'सुधरत नाही' या शब्दाचा हा अर्थ मराठीच्या इतर बोलींतही ऐकू येतो. पण वऱ्हाडात तो दुःखाच्या पहिल्याच वाक्यात येतो. विचार गोठला आहे, दिशा दिसत नाही, मन जागच्या जागी थिजले आहे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात सामावलेले असते. पुस्तकी मराठीत त्याचा अर्थ बरोबर उलट्या अंगाने लागला आणि औषधाची मात्रा वाढली. त्या डॉक्टरांचा मोठेपणा असा, की त्यांनी काकूंना परत बसवले, मावशीलाही आत बोलावले आणि अर्धा तास केवळ ऐकले. त्या अर्ध्या तासात काकूंनी जे सांगितले ते घरात कोणालाही ठाऊक नव्हते. शेजारच्या घरातील कर्ता मुलगा गेल्या हंगामात स्वतःच्या हाताने गेला होता. तेव्हापासून आपलाही मुलगा रात्री उठून कुठे जाईल, या धास्तीने ही माउली चार महिने रात्र रात्र उंबऱ्यात बसून होती. आणि तिची धास्ती निराधार नव्हती. पुढच्या आठवड्यात त्या मुलालाही त्याच डॉक्टरांकडे नेले. तो आज शेती करतो आहे.

या प्रसंगाने मला बरीच वर्षे विचारात पाडले. मी वाङ्मयाचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. परंतु त्या अर्ध्या तासात जे घडले ते वैद्यकाचे होते, की भाषेचे, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचा मागोवा घेताना लक्षात आले, की मनोविश्लेषण, भाषाविचार आणि मेंदूविज्ञान या वरकरणी तीन दिशांना तोंडे असलेल्या शास्त्रांची गाठ नेमकी याच ठिकाणी पडते.

मज्जातंतूंपासून शब्दांपर्यंत

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉईड म्हटले, की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात एक सूक्ष्म नापसंती उमटते. सर्वत्र कामवासना पाहणारा पाश्चात्त्य विचारवंत, एवढीच त्याची ओळख आपल्यापर्यंत पोहोचली. ती अपुरी आहे. फ्रॉईड मुळात मज्जासंस्थेचा अभ्यासक. त्याचे १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक स्वप्नांवर नव्हते, वासनांवरही नव्हते. ते होते वाचाघातावर, म्हणजे मेंदूला इजा झाल्यावर माणसाची भाषा कशी हरपते या विषयावर.

त्याआधी तीस वर्षे, १८६१ मध्ये, पॅरिसचे पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचे वर्णन केले होते. त्या माणसाला समोरच्याचे बोलणे बरेचसे कळे. स्वतः मात्र तो 'टॅन' या एका अक्षरसमूहाखेरीज फारसे काही उच्चारू शकत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वर्निक यांनी दुसरा एक भाग दाखवला, जो बिघडला तर माणूस अस्खलित बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला उमगत नाही. या शोधांनंतर मेंदूचा नकाशा काढून प्रत्येक शब्दाला एकेक खोली नेमून देण्याचा उत्साह वैद्यकात पसरला. फ्रॉईडने आपल्या पुस्तकात त्या उत्साहाला लगाम घातला. शब्द हा मेंदूच्या एका कोपऱ्यात ठेवलेला दागिना नाही; ऐकलेला ध्वनी, पाहिलेले रूप, उच्चाराची हालचाल आणि वस्तूची स्मृती यांच्या परस्परसंबंधांतून तो उभा राहतो, असे त्याचे म्हणणे होते. आजच्या मेंदूविज्ञानालाही भाषा एखाद्या खोलीत न सापडता जाळ्यात सापडते.

याच सूत्राने तो पुढे मनाकडे वळला. १९१५ मधील एका निबंधात त्याने मांडले, की नेणिवेत अनुभवाचे केवळ चित्र असते. त्या चित्राला त्याचा शब्द येऊन मिळाला, की ते जाणिवेत येते. जे दडपले जाते त्याची शब्दाशी असलेली गाठ सुटलेली असते. म्हणून उपचार म्हणजे ती गाठ पुन्हा बांधणे.

आणि या उपचाराची सुरुवात कशी झाली, हेही पाहण्याजोगे आहे. व्हिएन्नातील वैद्य योझेफ ब्रॉयर हे १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार करीत होते. ग्रंथात तिचे नाव 'ॲना ओ.' असे येते. खरे नाव बेर्टा पापेनहाइम. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतः कोसळली. तिच्या आजारात एक विलक्षण लक्षण होते. तिची मातृभाषा जर्मन तिच्या ओठांवरून नाहीशी झाली. काही काळ ती केवळ इंग्रजीत बोले. मनात साचलेले एकेक बोलून टाकले, की तिचे एकेक लक्षण ओसरे आणि या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले. तेही इंग्रजीत, कारण मायबोली तेव्हा तिच्यापाशी नव्हती. ती तेथेच पूर्ण बरी झाली, असे मात्र नव्हे. त्यानंतरही तिला आरोग्यधामात राहावे लागले. पुढे ती स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी मोठी समाजसेविका झाली. ही सारी हकीकत वाचताना माझ्यापुढे उंबऱ्यात बसलेल्या काकूच उभ्या राहतात. घरातील माणसाच्या चिंतेने वाचा गोठणे, हा अनुभव काही व्हिएन्नाचा एकट्याचा नाही.

आपल्याकडील वाट

हा विचार भारतात उशिरा आला, असेही नाही. कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये 'दमन' या संकल्पनेवर प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. हा पत्रव्यवहार गुरुशिष्यांचा नव्हता. भारतीय रुग्णाच्या मनाची घडण युरोपीय रुग्णासारखीच असेल, असे गृहीत धरण्यास बोस तयार नव्हते आणि आपले मतभेद त्यांनी फ्रॉईडला स्पष्ट शब्दांत कळवले. योगसूत्रे, पुराणे आणि गीता यांवरही त्यांनी लेखन केले. स्वप्नांवरचे आपले पुस्तक त्यांनी बंगालीत लिहिले. परक्या शास्त्रापुढे लोटांगण नाही आणि त्याच्याकडे पाठही नाही, अशी ही दृष्टी.

आपल्या परंपरेने शब्द आणि मन यांच्या नात्याचा जो विचार केला तो थोर आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त सांगितले, की शब्दाचा स्पर्श नसलेले असे कोणतेही ज्ञान लौकिकात संभवत नाही; सारे ज्ञान जणू शब्दाने ओवलेले असते. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या वाणीच्या पायऱ्या सांगताना आपल्या पूर्वजांनी उच्चारलेल्या शब्दाच्या मागे न उच्चारलेल्या शब्दाचे खोल थर मानले. 'जाणीव' आणि 'नेणीव' ही जोडी तर मराठीने संतवाङ्मयातून घेतली आणि पुढे मानसशास्त्राच्या कामाला लावली. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी (१८८१-१९१५) बालपणीच दृष्टी गेलेली असूनही पौर्वात्य आणि पाश्चात्त्य विचारांचा जो धांडोळा घेतला, त्यात मानसायुर्वेदाचाही समावेश होता.

येथे स्वकीयांना एक गोष्ट नम्रपणे सांगितली पाहिजे. "हे सगळे आमच्याकडे आधीच होते" असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. भर्तृहरीने भाषेच्या तत्त्वाचा विचार केला. त्याने वाचाघाताचे रुग्ण तपासले नव्हते. दर्शनशास्त्राचे काम वेगळे, प्रयोगशास्त्राचे वेगळे. पूर्वजांचा खरा सन्मान त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे नेण्यात आहे. उत्तर मिळाले, असे जाहीर करून पुस्तक मिटण्यात नाही.

मेंदूची साक्ष

तर मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत मेंदूविज्ञान याविषयी काय सांगते?

एरिक कँडेल हे व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या छळामुळे बालपणीच अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना मनोविश्लेषक व्हायचे होते. पुढे स्मृती कशी घडते हे शोधण्यासाठी ते समुद्री गोगलगायीच्या साध्या मज्जासंस्थेकडे वळले आणि त्या संशोधनासाठी २००० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शिकताना मज्जापेशींमधील सांधे प्रत्यक्ष बदलतात, हे त्यांनी दाखवले. त्यावरून त्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले, की बोलून केलेला उपचार खरोखर गुणकारी ठरत असेल, तर तोही मेंदूत भौतिक बदल घडवूनच गुणकारी ठरत असला पाहिजे. 'औषध शरीरावर आणि बोलणे मनावर' ही आपली सोपी वाटणी त्यामुळे डळमळीत झाली.

१९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी भीषण प्रसंगातून गेलेल्या काही रुग्णांना त्यांच्याच अनुभवाचे कथन ऐकवले आणि त्या वेळी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. भावनेशी निगडित भाग उसळून आले. डाव्या बाजूचा, ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा वाणीचा भाग मात्र मंदावला. रुग्णांची संख्या अगदी थोडी होती, म्हणून त्यावर मोठी इमारत उभारू नये. तरीही 'वाचा बसली' हा आपला वाक्प्रचार त्या चित्रात दिसावा, हे विचार करायला लावणारे आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी उलट बाजू दाखवली. रागावलेले वा भ्यालेले चेहरे पाहताना त्या भावनेला नुसते नाव दिले, तरी मेंदूतील 'ॲमिग्डला' हा धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांतावतो आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग कामाला लागतो. दुःखाला नाव सापडणे, ही दुःख हाती येण्याची पहिली पायरी आहे.

आता प्रश्न उरतो तो, नाव कोणत्या भाषेत? तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवरचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दोन्ही भाषांतील शब्द ऐकवून त्वचेवरील सूक्ष्म विद्युत्-बदल मोजले गेले. लहानपणी आईवडील ज्या शब्दांनी रागे भरतात ते शब्द मातृभाषेत ऐकताच अंगावर जी थरथर नोंदली गेली, ती इंग्रजीतील त्याच अर्थाच्या शब्दांना नव्हती. रशियन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांवरील २०००च्या अभ्यासात दिसले, की ज्या भाषेत प्रश्न विचारावा त्या भाषेच्या काळातील आठवणी अधिक सहज वर येतात. म्हणजे भाषा हा आठवणींच्या कोठाराचा दरवाजा आहे. परक्या भाषेने दार ठोठावले, तर आतले माणूस उठून येतेच असे नाही.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, की फ्रॉईड खरा ठरला. तसे मुळीच नाही. त्याची कित्येक अनुमाने टिकली नाहीत. त्याचे सिद्धान्त खोटे ठरवून पाहण्याची सोयच नाही, असा कार्ल पॉपर यांचा आक्षेप आजही वजनदार आहे. दुसरीकडे, मेंदूच्या रंगीत चित्रांनी भारावलेले लोक माणसाचे दुःख म्हणजे केवळ रसायनांचा असमतोल, असे मानू लागतात, तेही तितकेच एकांगी. डोळ्यांतील पाण्याचे पृथक्करण केले तर मीठ सापडेल, मुलाची काळजी सापडणार नाही. मेंदू, भाषा आणि नेणीव ही एकाच वाड्याची तीन दारे आहेत. ज्याला वाडा पाहायचा आहे त्याने एकाच दारावर पहारा देत बसू नये.

वऱ्हाडचा प्रश्न

ही चर्चा पुण्या-मुंबईच्या व्याख्यानमालेत झाली असती तर ती बौद्धिक रंजन ठरली असती. अमरावती-अकोल्यात ती जीवनमरणाची आहे. अमरावती विभागात २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत शासनदरबारी ५५७ शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी अमरावती जिल्ह्यात १७०, यवतमाळमध्ये १५०, बुलढाण्यात १११, अकोल्यात ९२ आणि वाशिममध्ये ३४. यांमागे सिंचनाचा अभाव आहे, कापूस आणि सोयाबीनचा भाव आहे, पावसाचा लहरीपणा आणि सावकाराचा तगादा आहे. मनाची चिकित्सा केल्याने कर्ज फिटत नाही आणि शेतमालाला भाव देण्याच्या जबाबदारीतून शासनाची सुटका होत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. शेतकऱ्याला 'मनाने कमकुवत' ठरवून हात झटकण्यासाठी कोणी या लेखाचा आधार घेऊ नये. पण त्याच गावात, तेवढेच कर्ज आणि तेवढाच दुष्काळ असलेली दोन घरे असतात. एका घरातला माणूस बोलतो, दुसऱ्या घरातला बोलत नाही. त्या न बोलणाऱ्यापर्यंत पोहोचणे तर आपल्या हाती आहे.

पोहोचता येते, याचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. 'संगथ' या संस्थेने २०११ नंतर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला. गावातीलच स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी बोलणे, धीर देणे, समुपदेशन करणे आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेणे, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी शंभरात चार जणांनीच (४.३ टक्के) मदत घेतलेली होती, उपक्रमानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. तरी मोठ्या रुग्णालयाविना, गावच्या माणसाने गावच्या भाषेत केलेल्या विचारपुशीने एवढे साधते, ही गोष्ट लहान नाही. शासनानेही २०१५ पासून १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशा कार्यकर्तींच्या हाती प्रश्नावली दिली. हे पाऊल योग्यच होते.

अडते ते प्रश्नावलीच्या भाषेत. "आपणांस उदास वाटते का?" या प्रश्नाला वऱ्हाडातील शेतकरी बहुधा "नाही" म्हणेल. तो खोटे बोलत नसतो. 'उदास' हा त्याच्या दुःखाचा शब्दच नसतो. तो म्हणेल, "कामात जीव लागत नाई", "जीव घाबरते", "हातपाय गळाले", "डोकं भणभण करते", नाहीतर सर्वांवर पांघरूण घालणारा आजचा शब्द उच्चारेल, 'टेन्शन'. यातले अर्धे शब्द शरीराचे आहेत. म्हणून तो छातीची तपासणी करून येतो, डोकेदुखीची गोळी घेतो आणि खरे दुखणे तसेच घेऊन घरी परततो. फ्रॉईडच्या भाषेत सांगायचे, तर चित्र आहे, पण त्याला शब्द मिळालेला नाही. आमच्या भाषेत सांगायचे, तर शब्द आहे, पण त्याला कान मिळालेला नाही.

रिद्धपूरची आठवण

या कानाची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेर. गुजरातेतून आलेल्या श्रीचक्रधरांनी येथल्या लोकांशी येथल्या बोलीत संवाद केला आणि म्हाइंभटांनी तेराव्या शतकात त्या बोलण्याच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त जशाच्या तशा जपल्या. पुढे पंथातील विद्वान संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. तसे झाले तर आपल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, असा त्यांचा आक्षेप होता. आरोग्यसेवेच्या धोरणात आज नेमका हाच आक्षेप कोणी घेत नाही.

गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. शेंडगावात जन्मलेल्या या महापुरुषाने व्यासपीठावरून उपदेश केला नाही. तो समाजाला प्रश्न विचारी. उत्तर लोकांच्या तोंडून येई आणि आपल्याच तोंडून निघालेल्या उत्तराने लोक चपापत. मनोविश्लेषकही शेवटी हेच करतो. उत्तर तो देत नाही, रुग्णाकडूनच ते उच्चारवून घेतो. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची जी प्रथा गावोगावी रुजवली, तिच्यामुळे दिवसातून एकदा तरी गावाने एकत्र बसावे, कोण आले नाही हे लक्षात यावे, असे घडत होते. आज पारावर मोबाइल आहे, शेजारी कोण नाही याची नोंद कोणी घेत नाही.

मग काय करावे? माझ्या मते तीन कामे हाती घेण्यासारखी आहेत.

पहिले काम विद्यापीठांचे. रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाचा आनंद ताम्रपट आणि शिलालेख यांपुरता राहू नये. वऱ्हाडी बोलीतील मनाच्या दुखण्यांचे शब्द, वाक्प्रचार, शरीरावर बेतलेली रूपके यांचा एक कोश त्या विद्यापीठाने अकोला आणि अमरावती येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या साह्याने सिद्ध करावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या विस्तार कार्यकर्त्यांचे जाळे शब्दसंग्रहाला उपयोगी पडेल. दोनशे पानांचे हे पुस्तक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असावे.

दुसरे काम वैद्यकीय शिक्षणाचे. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरला रुजू होताना बोलीची ओळख करून द्यावी. आणि ती करून देण्यास प्राध्यापकच हवा असे नाही. दवाखान्यातील मावशी, परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक हे तिचे जाणते शिक्षक आहेत. त्यांच्या जाणतेपणाला आज दाराशी उभे राहावे लागते.

तिसरे काम तुमचे-माझे. आपल्यापैकी अनेकांचा घरोघरी संपर्क असतो. निमंत्रण देणे, वर्गणी घेणे, कार्यक्रम सांगणे यांत ती भेट संपते. त्या भेटीतील दहा मिनिटे केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवता येतील का? ऐकताना उपदेश करू नये. "धीर धर, सगळे ठीक होईल" हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचेच काम करते. "जीव द्यावासा वाटतो का?" असे थेट विचारल्याने तो विचार नव्याने मनात पेरला जाईल, ही भीती अभ्यासांनी निराधार ठरवली आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असे आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि डॉक्टरांपर्यंत स्वतः सोबत जावे. शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. ती मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक गावाच्या फलकावर सुविचाराच्या खाली लिहून ठेवला तर काही बिघडणार नाही. आणि गोळ्या चालू असतील तर त्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. बोलणे हे औषधाचे वैरी नाही, सोबती आहे.

त्या दवाखान्यात पुढे मी पुन्हा गेलो होतो, काकूंच्या मुलाला घेऊन. डॉक्टरांच्या टेबलावर एक साधी वही दिसली. एका रकान्यात वऱ्हाडी शब्द आणि दुसऱ्यात त्यांचे अर्थ, त्यांच्याच हस्ताक्षरात. मी कुतूहलाने चाळली. पहिल्या पानावरचा पहिला शब्द होता 'सुदरत नाई'. "ही कोणी शिकवली?" असे विचारताच त्यांनी हसून दाराकडे बोट दाखवले. मावशी तेथे फरशी पुसत होती.